शेऱ्याचा रकाना

“ढक्कन अंदर से बैठता है कि बाहर से?” अच्युतरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

फोनच्या पलीकडे महासमुंदच्या बाई गप्प झाल्या. वीस वर्षं रोज कुकर वापरणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला की तो हटकून गप्प होतो. रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूकडे कोणी बघत नाही, हे अच्युतराव पाठराबे यांचं जुनं निरीक्षण होतं. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

“बैठ जाता है भैया,” बाई म्हणाल्या.

“हव, बैठ तो जाता है. मगर टेढ़ा करके अंदर डालते हो, कि ऊपर रखके घुमाते हो?”

“रुको, करके देखती हूँ.”

फोन ओट्यावर ठेवला गेला. भांडी वाजली. मागून कोणीतरी चहा कुठे आहे म्हणून विचारलं, त्याला उत्तर मिळालं नाही. अच्युतराव थांबले. थांबायचा त्यांना कंटाळा नव्हता. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असं बसल्याजागी जायला मिळणं ही त्यांना नोकरीतली सवलतच वाटे.

“टेढ़ा करके,” बाई परत आल्या. “अंदर जाता है.”

“तो आपने बाहर वाली रिंग मंगा ली दीदी. मैं अंदर वाली भेजता हूँ. कुकर कब का है?”

“सास का है. इसीलिए तो कभी गौर से देखा नहीं.”

फोन ठेवून अच्युतरावांनी कॉम्प्युटरवरच्या शेऱ्याच्या रकान्यात दोन बोटांनी लिहिलं : ‘झाकण आतून. कुकर सासूबाईंचा. बाई झाकण तिरपं करून बघायला गेल्या, तेवढ्यात कोणाचा तरी चहा राहिला.’ मग हिरवं बटण दाबलं. ऑर्डर सुटली.

रायपूरच्या शंकर नगरातल्या ‘बोरकुटे होम स्पेअर्स’मध्ये कुकर, मिक्सर आणि स्टोव्हचे सुटे भाग मिळत, आणि तेही मुख्यतः बंद पडलेल्या कंपन्यांचे. शरच्चंद्र बोरकुटे यांनी हयातभर बुडत्या कंपन्यांचा माल उचलून गावाबाहेर, उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामात रचून ठेवला होता. लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. ते गेल्यावर मुलगा पराग एमबीए करून परतला, त्याने तोच माल इंटरनेटवर लावला, आणि जुनं भांडं फेकायला तयार नसलेल्या बायका देशभर पसरलेल्या आहेत हे उघडकीला आलं.

दुकानाचं सॉफ्टवेअर दोन हजार अकरा साली परागच्या मावसभावाने आणि त्याच्या दोन मित्रांनी मिळून बनवलं. पुढे त्यातला एक बंगलोरला गेला, एक बँकेत लागला आणि मावसभाऊ पाणी शुद्ध करायची यंत्रं विकू लागला. त्याच्याकडे सॉफ्टवेअरचा विषय काढला की तो क्षारांवर बोलत असे.

या सॉफ्टवेअरच्या राज्यांच्या यादीत छत्तीसगढ नव्हतं. राज्य होऊन दहा वर्षं लोटली होती, पण ते यादी करणाऱ्याला कोणी कळवलेलं दिसत नव्हतं. त्यामुळे गिऱ्हाईक रायपूरचं असो की जगदलपूरचं, ऑर्डर देताना त्याला मिनिटभर मध्य प्रदेशात परत जावं लागे. तिकडे नव्या रायपुरात मंत्रालय उभं राहिलं, रुंद रस्ते झाले, रस्त्यांवर दिवे लागले. यादी होती तशीच राहिली.

दुसरा दोष मोठा होता. आलेली प्रत्येक ऑर्डर आपोआप अडकून ‘होल्ड’ नावाच्या पानावर जाऊन बसे. ती उघडून शेऱ्याच्या रकान्यात निदान वीस अक्षरं लिहिल्याशिवाय ती गोदामाकडे जात नसे. असं का, हे कोणालाच माहीत नव्हतं. काउंटरवर सव्वीस वर्षं काढलेल्या अच्युतरावांना म्हणून वरच्या मजल्यावर टेबल देण्यात आलं. पहिले काही महिने ते प्रत्येक ऑर्डरवर ‘ठीक आहे ठीक आहे ठीक आहे’ असं लिहीत. मग त्यांना वाटलं, लिहायचंच आहे तर काहीतरी खरं लिहावं. आणि खरं लिहायचं तर विचारावं लागतं. त्यांनी फोन उचलला. आठ वर्षं झाली, तो त्यांनी खाली ठेवला नव्हता.

महासमुंदची ऑर्डर सुटली आणि पराग जिना चढून वर आला.

“काका, बैठो,” तो म्हणाला. अच्युतराव बसलेलेच होते. “मी तीन कंपन्यांचे डेमो पाहिले. दिमाग का दही झालं. सगळे म्हणतात, हमारा वाला ले लो. या जुन्यावर तर तुम्हीच बसून आहात. तुम्हीच लिहून द्या, बदलायचं की ठेवायचं. एक पान. जे लिहाल त्यावर मी सही करतो.”

“मी लिहू?”

“और कौन? माझं तर त्यात लॉगिन पण होत नाही.” पराग दारापर्यंत गेला आणि तिथून, पाठमोराच, म्हणाला, “एक बात क्लिअर सांगतो काका. नवीन आलं तर ऑर्डर सीधा गोदामला जाईल. फोन-बिन नाही. म्हणजे हा टेबल... खाली काउंटरवर दोघं आहेतच.”

“हव,” अच्युतराव म्हणाले.

चौबे कॉलनीतल्या घरी वनमालाबाई सहावीचे पेपर तपासत होत्या. सगळं ऐकून घेईपर्यंत त्यांनी तीन मुलांना नापास केलं.

“म्हणजे तुमची खुर्ची काढू का, हे तो तुमालेच विचारून राहिला?”

“मोठ्या मनाचा पोट्टा आहे. दुसरा असता तर न विचारता काढली असती.”

“मंग लिहून टाका ना, ठेवा म्हणून. एका ओळीचं काम. पान कशाले पाह्यजे?”

“असं कसं? आधी पाहावं लागंल ना.”

“आता काय पाहता? आठ वर्षं काय पाहून राहिले होते?”

“कुकर,” अच्युतराव म्हणाले.

वनमालाबाईंनी चौथा पेपर पुढे ओढला. साठीला तीन वर्षं बाकी होती, आणि सत्तावन्न वर्षांच्या माणसाला रायपुरात काम मिळण्याच्या जागा दोन : एटीएमबाहेरचं स्टूल आणि मंगल कार्यालयाची चपला सांभाळायची खोली. हे दोघांनाही माहीत होतं.

अच्युतरावांनी शंभरपानी वही आणली. त्यांना खरोखरच उत्सुकता होती. ज्या गोष्टीला आपण आठ वर्षं शिव्या घालत आलो, ती नेमकी किती वाईट आहे हे त्यांनी कधी मोजलंच नव्हतं. पंधरा दिवसांत दोनशे साठ ऑर्डरी आल्या. त्यातल्या एकशे सहा जणांनी चुकीचा भाग मागवला होता. कोणी झाकण उलटं सांगितलं, कोणी तीन लिटरला पाच लिटर लिहिलं, आणि राजनांदगावच्या एका वकिलांनी कुकर नसताना रिंग मागवली होती. ‘स्वस्त दिसली’ असं ते म्हणाले. एकशे सहाच्या एकशे सहा चुका फोनवर पकडल्या गेल्या. म्हणजे ऑर्डर अडकत होती म्हणूनच माणूस वाचत होता. ज्याला सगळे रोग म्हणत होते तेच औषध निघालं.

अच्युतरावांना हा शोध फार आवडला. ‘ठेवावे’ असा अहवाल आता स्वार्थाने नव्हे, पुराव्याने लिहिता येत होता. प्रामाणिकपणा आणि पगार एकाच बाजूला बसल्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

तरी दुसरी बाजू ऐकायला हवी, म्हणून त्यांनी नव्या सॉफ्टवेअरवाल्यांना बोलावलं. देवश्री नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी लॅपटॉप घेऊन आली. आजोळ अमरावतीचं, जन्म रायपूरचा.

“म्हणजे मराठी येते ना तुले?”

“समझती हूँ सर, पूरा. बोलूँगी तो आप हँसोगे.”

“मी नाही हसत. हसलो तरी दिसत नाही.”

देवश्रीने एक खोटी ऑर्डर टाकून दाखवली. ती कुठेही न अडकता चाळीस सेकंदांत गोदामाच्या प्रिंटरवर निघाली. अच्युतरावांनी ती दोनदा बघायला मागितली. त्यांना ते आवडलं, हे त्यांना आवडलं नाही.

“याच्यात गिऱ्हाईक चुकलं तर?”

“सर, कस्टमर गलत नहीं होता. कस्टमर रिटर्न करता है.”

“अन् मंग?”

“फिर से ऑर्डर करता है.”

“पुन्हा चुकलं तर?”

“रिटर्न अनलिमिटेड है सर.”

अच्युतरावांनी वहीत काहीतरी लिहिलं. “आणि शेरा कुठी लिहायचा?”

“किसलिए सर?”

“झाकण आतून का बाहेरून, ते.”

देवश्री विचारात पडली, पण फार वेळ नाही. “वो तो पहले ही पूछ लेंगे. दो फोटो लगा देंगे, एक टेढ़ा करके डालने वाला, एक घुमाने वाला. सही वाला दबाए बिना ऑर्डर आगे नहीं जाएगा.”

अच्युतरावांनी वही मिटली. त्यांचा आठ वर्षांचा प्रश्न दोन फोटोंत मावत होता, आणि तिला तो मावून दाखवायला एक मिनिट लागलं होतं. मनातल्या मनात लिहून झालेल्या अहवालाचा पहिला परिच्छेद त्यांनी खोडला.

“पोरी, हुशार आहेस,” ते म्हणाले. “चहा घेतेस?”

चहा येईपर्यंत तिने जुन्या सॉफ्टवेअरमधलं नव्यात किती हलवता येईल हे बघायला सगळी माहिती बाहेर काढायला घेतली. कप अर्धा झाला असेल, तोच ती थांबली.

“सर, होल्ड में दो सौ उनतीस हैं.”

“दहा असतील. आज सकाळच्या.”

“दस आज के. दो सौ उन्नीस पुराने.” तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “आपका स्क्रीन पच्चीस ही दिखाता है. छब्बीसवाँ आया तो सबसे पुराना नीचे गिर जाता है. दिखता नहीं, मगर रहता है.”

आता दिवसाला वीसेक ऑर्डरी येत, आधीच्या वर्षांत सहा-सातच येत. अच्युतराव रोज त्या सगळ्या सोडून उठत, रविवारीसुद्धा तासभर येऊन जात, त्यामुळे एरवी पंचवीसचा आकडा गाठलाच जात नसे, आणि रजेवरून आल्यावर पानावर दिसत त्या पंचवीसच आल्या असं ते धरून चालत. ते नसले तर त्यांच्या जागी कोणी बसत नसे, कारण तिथे काही काम असतं हे दुकानात कोणाला ठाऊक नव्हतं. आणि पैसे पार्सल हातात आल्यावरच द्यायचे असल्यामुळे न आलेल्या पार्सलसाठी भांडायला कोणी आलं नव्हतं.

त्यांनी चष्मा पुसला आणि तारखा वाचायला घेतल्या. मे दोन हजार तेरा, पाच दिवस. हे काय बरं? भाचीचं लग्न, अकोल्याला. नोव्हेंबर चौदा, तेरा दिवस. वडील गेले तेव्हाचे. त्यात एकसष्ट माणसं पडली होती. ऑगस्ट सोळा, अकरा दिवस : हर्निया. बेचाळीस माणसं. डिसेंबर सतरा, मुलीचं बाळंतपण, नागपूर. मधेच एक सुटा आठवडा होता, तो काही केल्या आठवेना. मग आठवलं. वनमालाबाई भांडून माहेरी गेल्या होत्या आणि ते त्यांना आणायला गेले होते. त्या आठवड्यात लोकांनी मुख्यतः मिक्सरचे कपलर मागवले होते.

दोनशे एकोणीस अनोळखी माणसांच्या ऑर्डरींत त्यांचं सगळं आयुष्य तारीखवार लावून ठेवलेलं होतं. सरकारी सर्व्हिस बुकातही इतकं नीट नसतं.

“सर, ये सॉफ्टवेअर का बग है,” देवश्री हळू आवाजात म्हणाली. “आपकी गलती नहीं है.”

“हव. पण सुट्टीवर सॉफ्टवेअर नव्हतं गेलं,” अच्युतराव म्हणाले. “मी गेलो होतो.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या दोनशे एकोणीस जणांना फोन लावायला सुरुवात केली. अहवालासाठी याची काही गरज नव्हती. पण एखादं माणूस पाच वर्षं कुकरच्या रिंगेविना कसं राहतं, हे त्यांना कळून घ्यायचं होतं.

निम्मे नंबर बंद होते. दुर्गच्या एका गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “भाईसाहब, उसके बाद हमारे घर में दो शादी और एक तलाक हो गया. रिंग आप रख लो.” बालाघाटच्या बाईंकडे आता इंडक्शन होतं. कवर्ध्याचे गुप्ताजी पहिल्याच वाक्याला म्हणाले, “ओटीपी नहीं दूँगा.”

“नहीं चाहिए,” अच्युतराव म्हणाले.

“फिर क्या चाहिए?”

अच्युतराव रिंगेपासून सुरुवात करत होते, तोवर गुप्ताजींनी विजयाने फोन ठेवला.

चौथ्या दिवशी डोंगरगढचा नंबर लागला. ऑर्डर ऑगस्ट सोळाची, नाव सरिता नेताम. निवृत्त अंगणवाडी सेविका. आवाज सावकाश, प्रत्येक शब्द तपासून टाकणारा.

“आप लोग अभी चालू हो?” त्यांनी आश्चर्याने विचारलं.

“हव, चालू हैं. आपका पार्सल...”

“वो तो मैं समझ गई थी बाद में. मुझसे पता गलत लिखा गया होगा. पहली बार किया था न. लड़के से नहीं पूछा, बोली खुद करूँगी. पंद्रह-बीस दिन रस्ता देखी. फिर सोची, छोड़ो, अपने से नहीं होता ये सब. उसके बाद मोबाइल में कुछ मंगाया ही नहीं.”

अच्युतरावांनी समोरच्या पडद्यावर पाहिलं. पत्ता होता. घराचा नंबर, मोहल्ला, शाळेची खूण, पिनकोड, सगळं होतं. मध्य प्रदेशसुद्धा व्यवस्थित निवडलेलं होतं.

“पता सही है,” ते म्हणाले. “सब सही भरा था आपने.”

“सच में?”

“ढक्कन भी सही था. सौ में चालीस लोग कुछ न कुछ गलत भरते हैं. आपका सही था.”



“तो फिर आया क्यों नहीं?”

“मैं छुट्टी पर था,” अच्युतराव म्हणाले. “ऑपरेशन था.”

“अरे,” बाई म्हणाल्या. “अब ठीक हो?”

“हव,” अच्युतराव म्हणाले. “ठीक हूँ.”

शेऱ्याचा रकाना समोर उघडा होता. वीस अक्षरं लिहायची होती. त्यांनी बोटं कळांवर ठेवली, उचलली, आणि आठ वर्षांपूर्वी लिहायचे तसं ‘ठीक आहे ठीक आहे ठीक आहे’ लिहून ऑर्डर सोडली.

अहवाल त्यांनी त्याच संध्याकाळी घरी लिहिला. अर्धं पान झालं. बोलताना वऱ्हाडी येवो की हिंदी, कागदावर अच्युतराव पुण्याच्या वरताण मराठी लिहीत. ‘सदर सॉफ्टवेअर बदलावे,’ अशी सुरुवात होती. ‘सदर सॉफ्टवेअरमुळे शेकडा चाळीस चुका पकडल्या जातात हे खरे आहे. परंतु तेच काम दोन छायाचित्रे करू शकतात. याउलट एका माणसाला हर्निया झाल्यास बेचाळीस घरांतील झाकणे बसत नाहीत, अशी व्यवस्था कोठेही असू नये. शिवाय ज्यांनी सर्व बरोबर भरले, त्यांनाच आपले काही चुकले असे वाटत राहते.’ शेवटी एक ओळ होती : ‘यादीत छत्तीसगढ टाकावे.’

वनमालाबाईंनी कागद घेतला, लाल पेनाने एक स्वल्पविराम टाकला आणि परत वाचला.

“शुद्धलेखन बरं आहे,” त्या म्हणाल्या.

“बाकी?”

“बाकी मी काहून सांगू? मले कोणी अहवाल मागतला नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “आमच्या शाळेच्या बाजूचा झेरॉक्सवाला माणूस शोधून राहिला.”

“मले दोन बोटांनीच टाइप येते.”

“त्याले एकानं येते. तुमी साहेब व्हाल तिथी.”

परागने अहवाल उभ्यानेच वाचला. वाचून झाल्यावर तो बसला.

“काका, हे काय लिहिलं?”

“बदलावे म्हणून लिहिलं.”

“ते दिसतंय. पण तुम्हाला कशाला दिलं होतं मी? मम्मी म्हणते बदल, सीए म्हणतो बदल. मला वाटलं तुम्ही ‘ठेवा’ लिहाल, मग मी सगळ्यांना सांगेन, काकाने मना किया. विषय खतम. तुम्हाला उठवायचं माझ्याने होत नव्हतं, समझो ना.” त्याने कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सपाट केला. सपाट तो आधीपासूनच होता. “दुसरा लिहून द्या. हा फाडून टाकतो.”

“फाडा,” अच्युतराव म्हणाले. “पण भैया, मी उद्या पडलो न् पाय मोडला, तर पुन्हा साठ-सत्तर लोक खाली पडतील. मले तर आता रात्री झोपेतही पंचवीसच दिसून राहिले.”

परागने खिशातून पेन काढलं. मग त्याने सही केली. ती त्याने एवढी लहान केली की ती त्याचीच आहे हे नंतर सीएला पटेना.

नवीन सॉफ्टवेअर बसायला महिना लागला. तेवढ्या काळात अच्युतरावांनी जुन्या यादीतल्या अठ्ठ्याहत्तर जणांना त्यांचे भाग पाठवले. बाकीच्यांना ते नको होते किंवा ते सापडत नव्हते. फोन बंद असलेल्यांत नऊ जण रायपूरचेच निघाले, तेव्हा ते रोज दुपारी स्कूटरवर एकेकाकडे जाऊन येत. तीन घरांना कुलूप होतं. एका घराच्या जागी पूल झाला होता.

देवश्री शेवटच्या आठवड्यात रोज येत होती. एकदा ती लॅपटॉपमागे स्वतःशीच हसली.

“काय झालं?”

“आपके रिमार्क्स पढ़ रही थी सर. तीस हज़ार से ऊपर हैं. ये भिलाई वाले अंकल, जो शिट्ट्या मोजत नाहीत, गाणं म्हणतात...” तिने मराठी शब्द अडखळत वाचले. मग तिचा चेहरा उतरला. “सर, ये शिफ्ट नहीं होंगे. नए में कॉलम ही नहीं है. पेन ड्राइव में दे दूँ?”

अच्युतरावांनी थोडा विचार केला. “नको,” ते म्हणाले. “त्या लोकांनी ते मले सांगितलं होतं. घरी नेऊन काय करू?”

सोमवारी सकाळी अकरा वाजता नवीन सुरू झालं. पहिली खरी ऑर्डर धमतरीची होती. बाईंनी दोन फोटोंतला एक दाबला, आणि चाळीस सेकंदांत उरल्याच्या गोदामातून चिठ्ठी निघाल्याचा फोन आला. खालच्या काउंटरवरचे दोघं वर येऊन टाळ्या वाजवून गेले. परागने पेढे आणले होते. त्यातला पहिला त्याने अच्युतरावांना दिला आणि मग खिडकीतून बाहेर कितीतरी वेळ काहीतरी पाहत राहिला. बाहेर पार्किंग होतं. अच्युतरावांनी टेबलाच्या खणातून चष्म्याची डबी, शंभरपानी वही आणि औषधाची पट्टी काढून पिशवीत टाकली. रायपूरच्या यादीतलं शेवटचं नाव राहिलं होतं, ती रिंग त्यांनी वरच्या खिशात ठेवली.

पत्ता उरल्याचा होता : धर्मपाल साहू, रोलिंग मिलच्या समोर, पाण्याच्या टाकीमागे. नोव्हेंबर चौदाची ऑर्डर, वडिलांच्या तेरा दिवसांतली. लोखंडाच्या भुकटीने तिथली झाडंसुद्धा काळपट झाली होती. दार एका बाईंनी उघडलं.

“धर्मपाल जी?”

“ड्यूटी गए हैं. मैं विमला. क्या काम है?”

“उन्होंने एक रिंग मंगाई थी. कुकर की.”

“कब?”

“चौदह में.”

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या रिंगेकडे पाहिलं. “पाँच साल हो गया.”

“हव. देर हो गई.”

त्या आत गेल्या. अच्युतरावांना वाटलं, दार लावायला गेल्या. पण त्या कुकर घेऊन आल्या. झाकणाच्या कडेवर वाळलेल्या कणकेचे थर बसले होते, एकावर एक.

“दुकान वाला बोला, ये कंपनी बंद हो गई, नया ले लो. अच्छा-भला तो है, काहे को फेंकें? आटा लगा के बंद करते हैं रोज.”

अच्युतराव पायरीवर टेकले. बाईंकडून चमचा आणि भांडंभर पाणी मागून घेऊन, झाकण मांडीवर ठेवून चमच्याच्या मागच्या टोकाने त्यांनी कणीक खरवडायला घेतली. झाकण आतून बसणारं होतं. ऑर्डर बरोबर भरलेली होती. कणकेचा शेवटचा पापुद्रा निघाल्यावर खाली जुनं ॲल्युमिनियम पांढरं दिसलं. त्यांनी रिंग पाण्यात बुडवली, कडेवर ताणून बसवली आणि झाकण तिरपं करून आत सोडलं. दांडा ओढला. तो जागेवर बसला.

“कंपनी ने भेजा?” विमलाबाईंनी विचारलं.

“नहीं,” अच्युतराव म्हणाले. “मैं ही आया.”

त्या कुकर घेऊन आत गेल्या. तांदूळ धुतल्याचा आवाज आला, मग गॅस पेटल्याचा.

“देख के जाओ,” त्या आतून म्हणाल्या. “बैठा कि नहीं, पता तो चले. जल्दी तो नहीं है?”

समोरून सळयांनी भरलेला ट्रक गेला आणि रस्ताभर धूळ उठली. अच्युतरावांनी रुमाल नाकाला लावला, धूळ खाली बसू दिली, आणि मग पायरीवरच जरा सावलीकडे सरकून बसले.

“नहीं,” ते म्हणाले.